गॅस डिटेक्टर ओट्याखाली की छताजवळ?

महोदय,

घोडबंदर रस्त्यावरील अनेक नव्या संकुलांत सदनिकांमध्ये गजरयंत्रणा बसवलेली दिसते. दाराच्या चौकटीवरचे चुंबकीय सेन्सर, हालचाल टिपणारे सेन्सर आणि भिंतीवरचे नियंत्रण पॅनेल पाहुण्यांना कौतुकाने दाखवलेही जाते. स्वयंपाकघरातील गॅस डिटेक्टरकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर फरशीपासून थोड्याच उंचीवर लावतात. परंतु पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन, म्हणजे हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताकडे चढतो. सिलिंडर परत करून पाइपची जोडणी घेतलेल्या आमच्या इमारतीतील कित्येक घरांत जुना डिटेक्टर अजूनही ओट्याखालीच, फिनेलच्या बाटलीमागे, हिरवा दिवा लावून निर्धास्त बसलेला आहे. केवळ त्याची जागा बदलून भागेलच असेही नाही, कारण काही डिटेक्टर एकाच वायूसाठी बनवलेले असतात. शिवाय ज्यांना बॅटरीची जोड नाही, ते वीज गेली की मुके! नवी जोडणी सुरू करतानाच डिटेक्टरचा प्रकार व जागा तपासून त्याची नोंद करण्याची पद्धत गॅसपुरवठादार आणि गृहनिर्माण संस्थांनी मिळून सुरू करावी, ही विनंती.

— एक रहिवासी, ठाणे (पश्चिम)