मशीनखाली काय अंथरायचं, तेही छापा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी व्यायामाची खोली कशी थाटावी यावर पानभर मजकूर होता. ट्रेडमिल, डंबेल्स, भिंतीला आरसा, सगळं आलं. मशीनखाली काय अंथरायचं यावर मात्र एक ओळ नाही. त्या एका ओळीअभावी आमचा गालिचा खराब झाला, म्हणून हे पत्र.

गालिचा सासऱ्यांनी हैदराबादहून आणलेला. लोकरी, कडेला लाल वेल, मध्ये दुधी रंगाचं फूल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात याच गालिच्यावर झोपलो. 2016 ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं, त्या वर्षी प्यायलाच पाणी मोजून, तिथे गालिचा कोण धुणार! नुसता झटकून उन्हात घातला. एवढं सोसलेला गालिचा दोन महिन्यांत ट्रेडमिलने हरवला.

सौ.ला शुगर आहे. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. इथे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातलाच ऊन चटकतं, गल्लीत कुत्री. मुलाने ट्रेडमिल घेतलं. बसवायला दोन पोरं आली. गालिच्यावर नको म्हणालो, तर एकजण म्हणाला, "काही होत नसतंय काका, उलट आवाज कमी येतो." आवाज कमी येतो हे खरं, खाली भाडेकरू राहतात, त्यामुळे मलाही ते पटलं. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाका, असं कुणी सुचवेल. टाकला होता एकदा. अंधारात लोकरीला कसर लागली, एक कोपरा गेला. तेव्हापासून तो अंथरलेलाच असतो.

दोन महिन्यांनी मशीन चालता चालता बंद पडलं. पुढचं झाकण काढलं तर आत लोकरीचा गोळा. मोटर जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, तिचा पंखा हवा ओढताना गालिच्याची लवही ओढत होता. दुकानदार म्हणाला, गालिच्यावर ठेवलं तर वॉरंटी नाही, पुस्तकात लिहिलंय. लिहिलं होतं खरं. इंग्रजीत, चौदाव्या पानावर. मशीन सरकवलं तर खाली चार खड्डे.

मी एसटीत मेकॅनिक होतो. खरं तर मला हे आधी सुचायला हवं होतं. ब्रेकडाऊनला गेलो की गाडी हमखास साइडपट्टीवर उतरलेली असायची, खाली काळी माती, त्यात पाऊस पडून गेलेला. तशा जागी जॅक नुसता लावला की चाक वर येतच नाही, जॅकच खाली रुततो. म्हणून आम्ही रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा एक तुकडा कायम सोबत ठेवायचो. तो खाली घातला की भार पसरतो आणि तीच माती अख्खी गाडी पेलते. ट्रेडमिलचंही तेच. मशीन 70 किलोचं, वर माणूस 65 चा, आणि हे सगळं दोन-दोन बोटं रुंदीच्या चार पायांवर. त्यात चालताना पाऊल आपटतं, ते वेगळंच. गालिचा दबणार नाही तर काय!

आणि एवढं कळत असूनही मी पुढची चूक केली. प्लाय महाग पडेल म्हणून काळं रबरी मॅट आणून थेट गालिच्यावर घातलं. उन्हाळा गेल्यावर उचललं, तर दुधी फुलावर ताटाएवढा पिवळट तपकिरी डाग. टायर जुना झाला की त्याच्या कडेवर तपकिरी रंग चढतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू बाहेर येतात. तीच गालिच्यात उतरली. तो डाग साबणाने जात नाही, कशानेच गेला नाही.

आता जे केलंय ते सांगतो. 18 मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय आणला. मशीनपेक्षा चारी बाजूंनी जास्त, म्हणजे साडेसहा बाय तीन फूट कापून घेतला, कडा पॉलिशपेपरने घासल्या, नाहीतर कुसळं गालिच्यात अडकतात. गालिच्यावर आधी जुनं सुती धोतर एकपदरी अंथरलं. पांढरं, म्हणजे रंग सुटायचा प्रश्न नाही. त्यावर प्लाय, प्लायवर ते रबरी मॅट, त्यावर मशीन. मग स्पिरिट लेव्हल लावून पाय वरखाली केले. मशीन तिरकं असलं की पट्टा एका बाजूला पळतो. उरलेल्या दीड बाय तीनच्या तुकड्यावर मुलाचे डंबेल्स, प्लाय आणि डंबेल्सच्या मधे बसच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. लोखंडी डंबेल्सला घाम लागला की गंज धरतो आणि गंजाचा डाग लोकरीत मुरतो, म्हणून फडकंही तिथेच टांगलंय. दर महिन्याला सगळं उचलून बघतो, कारण प्लाय म्हटलं की वाळवी आलीच.

फोमची रंगीत कोड्यासारखी जुळणारी मॅट योगासनांना ठीक. जड मशीनखाली तीच दबून बसतात.

खड्ड्यांवर बर्फाचे तुकडे ठेवले, रात्रभर वितळू दिले, सकाळी चमच्याच्या दांड्याने लव हळूहळू उभी केली. दोन खड्डे भरून आले. उरलेल्या दोनांवर ओलं फडकं ठेवून इस्त्रीची वाफ दिली, तरी हाताला लागतातच.

मशीन विकणाऱ्यांना सांगणं एवढंच, की चौदाव्या पानावरची ती ओळ मराठीत लिहून खोक्यावरच चिकटवा. आणि आपण पुरवणीत किमती छापता, तशी प्लायचीही छापा.

पिवळ्या डागावर सौ.ने आता टीपॉय ठेवलाय. पाहुणे बसायला आले की तो पुढे ओढतात आणि ती माझ्याकडे बघते.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, लातूर