सोसायटीच्या लॉनसाठी किती मोठे मशीन हवे? अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: ४२ इंची राइड-ऑन लॉन ट्रॅक्टरच्या खरेदीचा फेरविचार व्हावा, याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर राइड-ऑन, म्हणजे वर बसून चालवायच्या, लॉन ट्रॅक्टरची खरेदी आहे. हिरवळ नीट राखली जावी आणि माळीकाकांचे कष्ट कमी व्हावेत हा समितीचा हेतू मला मनापासून पटतो. पण हे मशीन आपल्या जागेच्या मानाने फार मोठे आहे. ठराव होण्याआधी पुढचा हिशेब पाहावा, ही विनंती.

आपली हिरवळ एकूण १४ गुंठे, म्हणजे सुमारे १,४०० चौरस मीटर. ती सलग नाही. मधले लॉन ८ गुंठे, पोडियमवरचे ३, आणि मुलांची खेळायची जागा व रस्त्याकडेच्या पट्ट्या मिळून ३. मशीनचा आकार ठरवताना एकूण क्षेत्रफळाआधी हे तुकडे मोजायला हवेत.

तासाला किती गवत कापून होईल हे काढणे सोपे आहे. पात्याच्या रुंदीतून दोन फेऱ्यांमधला ६-७ सेंटिमीटरचा ओव्हरलॅप वजा करायचा, उरलेल्या रुंदीला चालण्याच्या वेगाने गुणायचे, आणि वळणे, झाडांभोवतीच्या फेऱ्या व पिशवी रिकामी करणे यासाठी तिसरा हिस्सा सोडून द्यायचा. ५३ सेंटिमीटर, म्हणजे २१ इंची मोवर ताशी ३ किलोमीटर वेगाने चालवला, तर तासाला सुमारे ९०० चौरस मीटर होतात. ३८ सेंटिमीटरचा छोटा मोवर तेवढ्याच चालीने साधारण ६०० उरकतो. ४२ इंची ट्रॅक्टर मोकळ्या मैदानावर तासाला ३,००० च्या पुढे जाईल. आपल्याकडे झाडे, दिव्यांचे खांब आणि बाकांमुळे तो २,००० ते २,२०० वर येईल.

ट्रॅक्टर घेतला, तर मधले लॉन २५ मिनिटांत होईल हे खरे. पण पोडियमवर तो जाणार नाही, कारण वर न्यायला लिफ्टच आहे. मुलांच्या जागेचे गेट १ मीटरचे आहे आणि ४२ इंची डेक, म्हणजे पात्यांवरचे खोके, एकटाच १०७ सेंटिमीटरचा, त्यात बाजूला गवत फेकण्याचे तोंड वेगळे. पट्ट्यांवर एक चाक कर्बवर आणि दुसरे मातीत राहील, डेक तिरपा होईल आणि एका बाजूचे गवत मुळापर्यंत खरवडले जाईल. म्हणजे उरलेल्या ६ गुंठ्यांसाठी छोटे मशीन घ्यावेच लागेल आणि त्याला तासभर लागेल. दोन्ही मिळून सुमारे १ तास २५ मिनिटे. त्याऐवजी ११ गुंठ्यांना २१ इंची आणि पोडियमला छोटा मोवर ठेवला, तर पावणेदोन तास. किमतीत कित्येक पटींचा फरक, आणि वाचतात ती फार तर वीस मिनिटे. पावसाळ्यात दाट, ओल्या गवतात वेग ताशी २ किलोमीटरवर येतो आणि वेळ दीडपट होतो. तरीही सकाळच्या एका पाळीत काम उरकते.

दुसरा प्रश्न वजनाचा. असा ट्रॅक्टर साधारण २०० किलोचा असतो, वर चालवणारा माणूस. मधल्या लॉनखालची माती चिकट आहे. जून ते सप्टेंबर ती ओलीच राहते आणि नेमके तेव्हाच दर आठवड्याला कापणी लागते. ओल्या मातीवर तेच ते वळण घेतले की चाकांचे चर पडतात, माती दबते, पाणी मुरत नाही आणि मुळे गुदमरतात. मग ऑक्टोबरमध्ये पिवळे पट्टे दिसू लागले की दोष खताला दिला जातो. मागून ढकलायचा मोवर ३० ते ४० किलोचा असतो, त्यामुळे हा त्रास होत नाही.

राइड-ऑन वाईट असतो असे मुळीच नाही. एक एकर, म्हणजे ४० गुंठ्यांच्या पुढे सलग, सपाट जागा असेल, तर तोच घ्यावा. आपली जागा तशी नाही.

मोवर घेताना मात्र उलट टोकालाही जाऊ नये. १२-१३ इंची घरगुती विजेचा मोवर दोन-तीन गुंठ्यांच्या अंगणाला ठीक असतो. ११ गुंठ्यांवर त्याची मोटर पावसाळी गवतात वारंवार तापून बंद पडेल. माझी शिफारस अशी:

मधले लॉन आणि पट्ट्यांसाठी २१ इंची, फोर-स्ट्रोक पेट्रोल, १६० ते १९० सीसी, सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे इंजिनाच्या जोरावर स्वतः पुढे जाणारा. सेल्फ-प्रोपेल्ड यासाठी, की ओल्या गवताने पिशवी भरली की मशीन ढकलणे माणसाचा दम काढते आणि मग माळी कापणी पुढे ढकलतो. ड्राइव्ह मागच्या चाकांना हवा. पिशवी भरल्यावर वजन मागे जाते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. उंची किमान अडीच ते साडेसात सेंटिमीटर बदलता यावी.

पोडियमसाठी ३८ सेंटिमीटरचा, दीड किलोवॉटच्या आसपासचा विजेचा मोवर. तिथे घरांच्या खिडक्या अगदी जवळ आहेत, आवाज कमी हवा. केबल तीन-कोअर, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, ५० मीटरपर्यंत, आणि पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. बारीक केबलवर सुरू होताना व्होल्टेज पडते आणि मोटर जळते. रीलवरची केबल वापरताना पूर्ण सोडावी, गुंडाळलेली तापते. ओल्या गवतावर हे मशीन चालवू नये.

कडा आणि खोडांभोवती सध्याचा ब्रश कटर पुरे, पण नायलॉन दोरी लावून. आज पूर्ण लॉन ब्रश कटरने कापले जाते, म्हणूनच ते असमान दिसते: हात वर-खाली झाला की गवत कुठे खरवडते, कुठे तसेच राहते.

कापणीची उंची हा लॉनचा प्राण आहे. मधल्या लॉनवरच्या सिलेक्शन वन या बारीक पानाच्या गवताला ३ ते ४ सेंटिमीटर, सावलीतल्या रुंद पानाच्या गवताला ५ ते ६. एका वेळी पानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. सुट्टीमुळे गवत वाढलेच, तर चार-पाच दिवसांच्या अंतराने दोनदा कापावे.

देखभालीचे काम कोणाचे, हे ठरावातच लिहावे. पहिले ऑइल ५ तासांनी, नंतर दर ५० तासांनी बदलायचे. साधारण अर्धा लिटर लागते. एअर फिल्टर दर २५ तासांनी साफ करायचा. मशीन तिरपे करताना स्पार्क प्लग वर राहील असेच करायचे, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते. पेट्रोल आता इथेनॉलमिश्रित येते आणि ते ओल धरते, म्हणून महिनाभर मशीन वापरायचे नसेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामा करावा. पाते दर २०-२५ तासांनी धार लावून भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून टांगायचे. जी बाजू खाली जाईल ती आणखी घासायची. तोल गेलेले पाते थरथरते आणि बेअरिंग खाते. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि दोन दिवसांत शेंडे पांढरे पडतात.

स्प्रिंकलरच्या तोट्यांना खुणेच्या काड्या लावून घ्याव्यात. पाते त्यावर आदळले आणि क्रँकशाफ्ट वाकला, तर दुरुस्ती नव्या मशीनच्या किमतीपर्यंत जाते. ४५ सेंटिमीटरच्या पात्याचे टोक ३,००० आरपीएमला ताशी अडीचशे किलोमीटरने फिरते, तेव्हा खडा उडाला तर काय होईल हे सांगायला नको. कापणीआधी खडे वेचावेत, मुले व पाळीव प्राणी लांब ठेवावेत. माळीकाकांना बूट, गॉगल आणि कानाचे मफ सोसायटीने द्यावेत. वेळ सकाळी ९ नंतरची ठेवावी.

तीन विक्रेत्यांना आपल्याच लॉनवर डेमोसाठी बोलवावे, पेट्रोल मोवर शक्यतो पावसानंतरच्या ओल्या गवतावर चालवून पाहावा, आणि मशीन माळीकाकांच्या हाती द्यावे. हँडलचा लिव्हर सोडल्यावर पाते ३ सेकंदांत थांबते का ते पाहावे. लिफ्टच्या दारातून आणि मुलांच्या गेटमधून ते जाते का हेही तेव्हाच बघावे. पाती, बेल्ट व एअर फिल्टर पुण्यात मिळतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

मोजमापांचा कागद सोबत जोडला आहे. डेमोच्या दिवशी उपस्थित राहायला मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद

सोबत: लॉनच्या तुकड्यांचे मोजमाप व गेटच्या रुंदीची यादी.