कोंढाण्यातल्या बालकाची ओळ

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री यांस,
स. न. वि. वि.

कर्जतहून कोंदिवडे गाठलं की पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंढाण्याची लेणी आहेत. इसवी सनाच्या आधी सह्याद्रीच्या काळ्या कातळात कोरलेला बौद्ध चैत्य आणि शेजारी भिक्खूंचा विहार. लाकडी घराच्या तुळया, जाळ्या, सज्जे सगळं दगडात उतरवलंय, आणि वरच्या चौकटींत जोडपी नाचताहेत.

चैत्याच्या डाव्या हाताला एका मोठ्या मूर्तीचं डोकं तेवढं उरलंय. त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे: ‘कण्हस अंतेवासिना बालकेन कतं’. कण्हाचा शिष्य बालक याने हे केलं. आपल्या लेण्यांत राजांची आणि दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं पुष्कळ सापडतात. छिन्नी हातात धरणाऱ्याचं नाव क्वचितच. त्यानेही आधी गुरूचं नाव घातलं, मग आपलं. तिथे गेलो की मी आधी ती ओळ शोधतो.

साहेब, पावसाळ्यात माथ्यावरून धबधबा लेण्यासमोरच कोसळतो. दिसायला फार देखणा, पण तेच पाणी कातळात मुरतं. चैत्याचे पुढचे खांब केव्हाच मोडलेत. भर रविवारी त्या पाण्याखाली भिजायला झुंबड उडते. गेल्या जुलैत विहाराच्या खांबाला ओले टीशर्ट वाळत घातलेले पाहिले. स्तूपापाशी वेफर्सची पाकिटं होती, ती आम्ही दोघांनी उचलली. पोरं वाईट नव्हती. बालकाची ओळ दाखवली तर गप्प होऊन बघत राहिली. तिथे काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

हे संरक्षित स्मारक आहे, म्हणून आपल्याकडे मागणं. माथ्यावरचं पाणी दर्शनी भागापासून बाजूला वळवता येईल का, याची पाहणी येत्या पावसाळ्याआधी करून घ्या. ज्यांनी लेणी खोदली त्यांनी ठिकठिकाणी कातळात पन्हळी काढून पाणी टाक्यांत नेलं होतं, तेव्हा हे काम अशक्य नाही. जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी पहारेकरी ठेवा. गावातल्याच मुलांना ते काम दिलंत तर उत्तम, त्यांना वाट न् वाट ठाऊक आहे. आणि त्या मूर्तीजवळ मराठीत एक फलक लावा. त्यावर ती ओळ आणि तिचा अर्थ, एवढं पुरे.

आपला,
कर्जत तालुक्यातला एक रहिवासी