खिळ्यावरचा बिल्ला

संपादक महोदय, स. न.

मागच्या महिन्यात घरच्यांचा पाय मुरगळला म्हणून रात्री शहरातल्या एका दवाखान्यात नेले. व्हीलचेअर मागितली, तर सिस्टर म्हणाल्या, "दोन हायत काका, कुठल्या मजल्यावर गेल्यात बघाय पायजे." बघण्यात पाऊण तास गेला. एक एक्स-रेच्या दाराआड सापडली, दुसरीचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

मी उद्यमबागेत एका कारखान्याचे स्टोअर ३१ वर्षे सांभाळले. कामगाराला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घ्यायची पट्टी, हवा असला की तो आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा आणि व्हर्नियरच्या जागी खिळ्याला तो बिल्ला लटकायचा. वस्तू कुणाकडे आहे, हे लांबूनच दिसे. वर्षातून एकदा प्रत्येक माप कॅलिब्रेशनला, म्हणजे बरोबर मोजते का ते तपासायला, जाई आणि पुढच्या तारखेचे स्टिकर लावून येई. तारीख उलटलेला मायक्रोमीटर मशीनवर दिसला की साहेब माझ्यावर तापायचे. लोखंडाच्या तुकड्यासाठी एवढे सोवळे! राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा २९ राज्यांत साडेसात लाखांवर उपकरणे निघाली. त्यांतली ३४ ते ६० टक्के, राज्यागणिक कमीजास्त, बंद होती.

हे लिहायला बसलो आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या कपाटाची किल्ली आठवली. ती माझ्याकडेच असते. २०२१ मध्ये वर्गणी काढून आम्ही दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते. एक कपाटात तसाच, प्लॅस्टिकसकट. लावून पाहिला, तर ऑक्सिजन कमी असल्याचा दिवा पेटला. आतले झिओलाइट नावाचे दाणेदार खनिज हवेतला नायट्रोजन धरते, म्हणून ऑक्सिजन उरतो; पण ते ओलावाही ओढते. बेळगावच्या पावसात बंद पडून राहिलेल्या मशीनचे दुसरे काय होणार? मधून मधून चालवायला हवे होते. एवढे स्टोअर सांभाळले, पण हे सुचले नाही.

आता दोन्हींना नंबर घालणार आहे. आमची वही मराठीत, दुरुस्तीला येणारा पोरगा कन्नड, मशीनवरची अक्षरे इंग्रजी. आकडा तेवढा सगळ्यांना वाचता येतो.

दुसरा कॉन्सन्ट्रेटर खानापूरकडे कुणाच्या तरी पाहुण्यांकडे गेलाय. नेणाऱ्याची नोंद नाही. त्यांच्या वाचनात हे आले आणि मशीन वापरात असले, तर खुशाल ठेवून घ्यावे. कुणाच्या घरी आहे, तेवढे मंडळात कळवावे. बिल्ला मी खिळ्याला लावून घेतो.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, अनगोळ, बेळगाव