मेटनरबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू "सध्या काय ऐकतोयस?" असं विचारलंस आणि मी "मेटनर" म्हटल्यावर पलीकडून आवाजच येईना. मला याची सवय झालीय. मला पियानो शिकवणाऱ्या बाईंनीसुद्धा नाव तेवढं ऐकलं होतं, वाजवलेलं काही नव्हतं. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा म्हटलं, लिहूनच काढावं. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

निकोलाय मेटनर हा मॉस्कोचा संगीतकार आणि पियानोवादक, जन्म १८८० चा. तिथल्याच कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात शिकला, पियानोचं सुवर्णपदक घेऊन १९०० साली बाहेर पडला. घरच्यांना वाटलं, आता पोरगा गावोगाव मैफली करणार. याने ठरवलं, आपण लिहायचं. आणि लिहिलं तेही सगळं पियानोला धरून. १४ पियानो सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीच्या मोठ्या रचना), ३ कन्चेर्टो (पियानो आणि सोबत वाद्यवृंद), शंभरावर गाणी, व्हायोलिनचे सोनाटा, पण पियानो नाही अशी त्याची एकही रचना नाही! नुसत्या वाद्यवृंदाची सिम्फनी नाही, ऑपेरा नाही. मोठं नाव व्हायचं तर त्या काळी हे दोन्ही लागायचं, हे त्याला कळत नसेल असं नाही.

तू रशियन संगीतकार राखमानिनोव्ह ऐकलायस, म्हणून तिथून सांगतो. दोघे जिवाभावाचे दोस्त, मेटनर सहा-सात वर्षांनी धाकटा. राखमानिनोव्ह त्याला आपल्या काळातला सर्वांत मोठा संगीतकार मानायचा. स्वतःचा चौथा कन्चेर्टो त्याने मेटनरला अर्पण केला आणि मेटनरने आपला दुसरा त्याला. पण स्वभाव वेगळे. राखमानिनोव्हची चाल पहिल्या भेटीतच गळ्यात पडते. मेटनर पहिल्या भेटीत नुसता नमस्कार करतो. पुढचं बोलणं व्हायला तुम्हाला पुन्हा जावं लागतं, आणि दर वेळी तो थोडं जास्त बोलतो. मला त्याचं वेड लागलं ते यामुळेच.

त्याच्या छोट्या रचनांना त्याने 'स्काझ्का' म्हटलंय, म्हणजे कहाणी. अशा तीसच्या वर आहेत. तू ओपस २६ (ओपस म्हणजे क्रमांक दिलेला रचनांचा संच) मधली तिसरी आधी ऐक, फ मायनर या स्वरमालेतली. जेमतेम तीन मिनिटांची. वर सूचना लिहिलीय ती अशा अर्थाची, की आपल्या मर्जीने, सांगत सांगत वाजवा. चाल साधी, जरा उदासवाणी. ती परत येते तेव्हा स्वर ओळखीचे असतात, पण खालची संगत बदललेली असते, आणि त्याच ओळीचा अर्थ वेगळा लागतो. ठुमरीत एकच ओळ चार तऱ्हांनी म्हणतात ना, तसा काहीसा आनंद. मी माझ्या डिजिटल पियानोवर ती बसवायच्या खटपटीत आहे. स्वर फार अवघड नाहीत. पण करंगळीत वरची चाल ठेवून त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी मधला आवाज दबका ठेवायचा, यात माझा जीव जातो. मधला आवाज जरा जोरात लागला की कहाणी संपली, नुसती बोटं ऐकू येतात.

तुझ्यासारख्या तबलजीला खरी मेजवानी लयीची आहे. उजव्या हातात तीन आणि डाव्यात दोन, म्हणजे तुमची आड, हे त्याचं रोजचं जेवण. त्याच्या 'रात्रीचा वारा' या सोनाटाचा पहिला भाग पंधरा-आठात आहे, म्हणजे एका आवर्तनात पंधरा छोट्या मात्रा. पंधरा मात्रांची पंचम सवारी आठवून खूश होऊ नकोस. तुमच्या तीन-चार-चार-चारशी त्याचा संबंध नाही, इथे तीन-तीनांचे पाच गट आहेत. अर्धा तास चालतो हा सोनाटा, मध्ये विश्रांती नाही. सुरुवातीला रशियन कवी त्युत्चेव्हची कविता छापलीय, वाऱ्याला विचारणारी, की बाबा, तू का रडतोस. राखमानिनोव्हलाच अर्पण केलेला आहे. खरं सांगू? मला तो अजून पुरता उलगडत नाही. मधली दहा मिनिटं मी वाट चुकतो. तरी पुन्हा लावतो.

त्यापेक्षा 'सोनाटा रेमिनिशेंत्सा' लाव, ओपस ३८ मधला पहिला. मी मेटनरचं दुकान ज्या एका रचनेवर उघडीन ती ही. आ मायनर, एकच सलग भाग, साधारण पंधरा मिनिटं. सुरुवातीला दोन्ही हात मिळून एक नक्षी विणतात. सगळे स्वर सारख्या लांबीचे, कुठेही जोर नाही, कुठे थांबणं नाही. तुला वाटेल ही तयारी चाललीय, खरं अजून सुरू व्हायचंय. मग मुख्य चाल येते, दुसरी येते, प्रकरण तापतं. आणि मध्येच ती नक्षी पुन्हा उगवते, जशीच्या तशी. तेव्हा कळतं की तयारी नव्हतीच ती. शेवटही तिच्यावरच होतो, टाळ्यांची तिहाई नाही. या ओपसचं नाव 'विसरलेल्या चाली'. जुन्या वह्यांत टिपून ठेवलेल्या कल्पना काढून त्याने १९२० च्या आसपास हे तुकडे रचले. क्रांतीनंतरचे हालाचे दिवस होते, आणि १९२१ मध्ये तो रशिया सोडून गेला. ओपसच्या शेवटच्या, आठव्या तुकड्यात हीच नक्षी पुन्हा भेटते.

मग असा माणूस मागे का पडला? थोडा दोष त्याचा स्वतःचा. बर्लिन, पॅरिस आणि शेवटी लंडन, जिथे गेला तिथे नव्या संगीताशी त्याचं वाकडं. १९३५ मध्ये 'म्यूझ आणि फॅशन' (म्यूझ म्हणजे कलेची देवी) नावाचं पुस्तकच लिहिलं, छापलं राखमानिनोव्हने. पुस्तक कडवट आहे, तुला आवडणार नाही. आपल्याकडच्या 'पूर्वीसारखं गाणं आता राहिलं नाही'वाल्या बुजुर्गांचीच भाषा. नवे त्याला जुनाट म्हणत, आणि जुन्याची आवड असलेल्यांना गुणगुणता येईल असं तो फारसं देत नसे. दोन्हीकडून गेला. त्यात युद्ध आलं, लायप्झिगच्या प्रकाशकाकडून येणारे पैसे बंद झाले.

आणि इथे तुझं म्हैसूर येतं! जयचामराजेंद्र वडियार, १९४० मध्ये एकविसाव्या वर्षी गादीवर बसलेले महाराज. कर्नाटक संगीतात त्यांच्या नव्वदाच्या वर कृती आहेत, पण लहानपणापासून वेड पियानोचंही. त्यांनी मेटनरसाठी पैसा उभा केला आणि मेटनर सोसायटी निघाली. त्यातून १९४७ पासून एचएमव्हीने मेटनरला स्वतःला बसवून त्याचे तिन्ही कन्चेर्टो आणि कितीतरी रचना ध्वनिमुद्रित केल्या. म्हातारा हृदयविकाराने खंगलेला, पण बोटं बघ काय चालतात. तिसरा कन्चेर्टो त्याने महाराजांनाच अर्पण केला. १९५१ मध्ये तो गेला. म्हणजे हे काम अगदी वेळेवर झालं. राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? तुला तरी होतं का?

त्याच्या स्वतःच्या तबकड्या मात्र आत्ताच ऐकू नकोस, खरखर आहे. रेमिनिशेंत्सा पियानोवादक एमिल गिलेल्सचा ऐक, दुसरा विचारच नको. सगळे सोनाटा एका जागी हवे असतील तर मार्क-आंद्रे आमलँचे आहेत. स्वच्छ वाजवतो, पण गिलेल्ससारखी ऊब नाही, हे माझं मत. कहाण्यांसाठी हॅमिश मिल्न, त्याने आयुष्य घालवलंय मेटनरमध्ये.

आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस. मेटनरचा निम्मा ऐवज डाव्या हातात आणि मधल्या आवाजांत असतो, तिथे तो पार गडप होतो. हेडफोन लाव. सविताला म्हणावं, अर्धा तास दार वाजवू नको. आणि पंधरा-आठाला ठेका कसा धरशील ते लिहून पाठव. माझा हात अजून चौथ्या गटावर घसरतो.

तुझा,
शिरीष