त्या खोट्या पेपरबद्दल

चि. हिंगोलीकर डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही, तुला आवडणार नाही. फोनवर आभार मानायला लागलो की "काका, काहीपण काय!" म्हणतोस अन् फोन माझ्या लेकीच्या हातात देतोस. म्हणून इथं चारचौघांत लिहितो. आता कुठं पळशील?

पोरीला आर्मेनियात येरेवानला एमबीबीएसला घालताना एजंटानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "विमानतळावर आमचा माणूस उभा राहील." पैसे पोचले अन् त्याचा फोन बंद झाला, तो आजतागायत बंदच आहे. ती रात्री उतरली तेव्हा उभा होतास तू. ना ओळख ना पाळख. ते ऋण वेगळं, ते काही फिटायचं नाही. आज लिहायचंय ते ब्रँडीच्या कारखान्याबद्दल.

लेकीला भेटायला मी तिकडं आलो होतो, तेव्हा टेकडीवरची ती इमारत बघून मीच विचारलं होतं, हे काय? तू म्हणालास, "अरारातचा कारखाना. 1887 पासून ब्रँडी करतात. दाखवतो, चला." माळकरी माणूस अन् ब्रँडीचा कारखाना! पण कडवंचीच्या बाजूला द्राक्षबाग आहे माझी. माल गाडीत चढला की पुढं त्याचं काय होतं ते आम्हाला कधी कळत नाही. पैशाचं काय होतं तेही पुष्कळदा कळत नाही. हौस होती बघायची.

आत पाऊल टाकलं अन् वासानंच थांबलो. गुऱ्हाळाशेजारी बेदाण्याची शेड असावी तसा वास. गार अंधारात ओळीनं ओकची पिंपं. कारखाना दाखवणारी बाई इंग्रजीतून भराभर सांगत होती अन् तू ते आपल्या बोलीत उतरवत होतास. द्राक्षाची जात विचारली तर व्होस्केहात, म्हणजे सोन्याचा दाणा. त्याची आधी वाइन, ती दोनदा उकळून वाफ धरायची, मग वर्षानुवर्षं लाकडात मुरवायची. मुरता मुरता दरसाल थोडी हवेत उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडं पाखरांचा असतो, अन् त्याहून मोठा व्यापाऱ्याचा. तू ते त्या बाईला सांगितलंस अन् ती पोट धरून हसली.

1994 सालचं ते एक पिंपही ध्यानात राहिलं. आर्मेनिया अन् अझरबैजानमधला काराबाख मुलखाचा वाद शांततेत मिटला की उघडायचं म्हणून राखलेलं. बांधाच्या भांडणापायी अशी पिंपं ठेवायची म्हटली तर आमच्या तालुक्यात गोदाम पुरणार नाही.

मग चाखायची खोली. प्रत्येकापुढं पोटाळ पेला, त्यात दहा वर्षांची 'अख्तामार', शेजारी चॉकलेटचा तुकडा. सगळे पेले उचलायला लागले अन् माझा हात आपसूक माळेवर गेला. असा प्रसंग मला नवा नाही. सोयऱ्यांच्या एका लग्नात "घ्या हो थोडी, इथं कोण बघतंय" म्हणत पोरांनी माझी टर उडवली होती. माझ्याच ताटातली माणसं ती. जेवण टाकून उठलो होतो.

तू तसलं काही केलं नाहीस. माझा पेला माझ्या तळहातावर ठेवून म्हणालास, "काका, ऊब लागू द्या अन् नुसता वास घ्या. वासाला माळ आडवी येत नाही." घेतला. आधी लाकूड, मग जर्दाळू, मग लांबून कुठूनतरी गूळ. खरंच सांगतो, बागेत पंधरा वर्षं राबून द्राक्षात एवढं असतं हे माहीत नव्हतं. तुझा पेला मात्र तसाच. मी बघतोय म्हटल्यावर बोललास, "मला उद्या पेपर आहे." मग आपण दोघांनी चॉकलेट खाल्लं.

परत निघताना विमानतळावर लेकीला म्हटलं, त्याचा पेपर कसा गेला ते कळव. ती म्हणाली, "कसला पेपर बाबा? त्याची परीक्षा संपून आठ दिवस झाले."

विमानात बराच वेळ खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालताना असली माणसं भेटतात. भाकरी हातावर ठेवतात अन् नाव विचारायच्या आत गर्दीत दिसेनाशी होतात. परमुलखात, दारूच्या कारखान्यात भेटेल असं वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत माल उतरायला लागतो. सुट्टीत आलास की हिंगोलीला जायच्या आधी आमच्याकडं उतर. काकू पुरणपोळी करणार आहे. तेव्हा मात्र पेपर आहे म्हणून सांगू नको.

तुझा,
जालन्याचा काका