पोकलेनची वही कशी ठेवावी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं वीस टनी पोकलेन खडीच्या खाणीवर लागलं हे वाचून फार आनंद झाला. आता त्याच्या देखभालीची वही आजच सुरू कर. शिवलेली, पानांवर नंबर घातलेली मोठी वही साइट ऑफिसात ठेव आणि ऑपरेटरला केबिनमध्ये छोटी डायरी दे. डायरीतलं रोज संध्याकाळी वहीत उतरलं पाहिजे. पहिल्या पानावर मशीनचा आणि इंजिनाचा नंबर लिही. कोणत्या भागात कोणत्या ग्रेडचं तेल किती लिटर मावतं, तेही मॅन्युअलमधून तिथेच उतरवून घे.

हिशेब तासांचा ठेव, नुसत्या तारखा कामाच्या नाहीत. दिवसाला 10 तास चाललं तर सर्व्हिसचे 250 तास 25 दिवसांत संपतात. पावसाळ्यात त्यालाच दोन-अडीच महिने लागतील. तास मोजणारं मीटर बिघडून नवं बसवलं तर जुन्याचा शेवटचा आकडा लाल शाईने लिही आणि पुढे दोन्हींची बेरीज चालव. ही एक नोंद राहिली तर नंतर कुठल्याच भागाचं वय कळत नाही.

ब्रेकरचे, म्हणजे बकेटऐवजी लावायच्या दगडफोड्या हातोड्याचे, तास वेगळ्या रकान्यात हवेत. ब्रेकरवर हायड्रॉलिक तेल जास्त तापतं आणि त्यात घाणही लवकर जाते. म्हणून मॅन्युअलमध्ये ब्रेकरच्या कामासाठी तेल आणि फिल्टर लवकर बदलायचा वेगळा तक्ता असतो. ब्रेकर किती चालला हेच लिहिलेलं नसेल तर तो तक्ता वापरणार कसा?

सर्व्हिसच्या नोंदी बहुतेक जण ठेवतात. टॉप-अपच्या, म्हणजे कमी झालेलं तेल वरून भरल्याच्या, फार थोडे ठेवतात, आणि बिघाडाची पहिली खबर तिथेच लागते. सकाळी मशीन सपाट जागी असताना, इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहायची आणि जेवढं तेल घातलं तेवढं मिलिलिटरमध्ये लिहायचं. ‘थोडं घातलं’ असा शेरा चालवून घेऊ नकोस. इंजिन ऑइल वाढत चाललं असेल तर डिझेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत उतरतंय. मशीन चालवू नकोस, आधी कारण शोध. हायड्रॉलिक तेल कमी होतंय पण बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर स्विंग गिअरबॉक्स (वरचा भाग फिरवणारा) आणि दोन्ही फायनल ड्राइव्ह (ट्रॅक फिरवणारे) यांच्यातल्या तेलाची पातळी बघ. मोटरचं सील गेलं की तेल तिथे शिरतं, पातळी वाढते आणि गिअर ऑइल पातळ होतं. आधीची पातळी वहीत असेल तरच ही वाढ लक्षात येईल.

डिझेल टाकी फुल ते टाकी फुल मोज आणि लिटरला तासांनी भाग. काम तेच असून ताशी खप वाढला तर एअर फिल्टर आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारे) तपास, मशीन उभं असताना इंजिन किती वेळ चालू राहतं तेही बघ. एअर फिल्टरमधला बाहेरचा मोठा फिल्टर कितीदा साफ केला ते लिही, कारण साफ करायलाही मर्यादा असते. आतला छोटा फिल्टर साफ करायचाच नसतो, थेट बदलायचा.

ऑइल सॅम्पल लॅबला तपासायला पाठवणार असशील तर इंजिन गरम असताना, तेल सोडताना मधल्या धारेतून, स्वच्छ बाटलीत घे. सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वाढलेले दिसले तर धूळ आत जातेय; एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागापर्यंतचे) होज आणि क्लॅम्प तपास. सोडियम, पोटॅशियम वाढलं तर कूलंटचा संशय घ्यायचा. लॅबच्या फॉर्मवर मशीनचे तास, तेलाचे तास आणि मधे किती टॉप-अप झालं हे तिन्ही भर. नवं तेल मिसळलं की धातूचं प्रमाण कमी दिसतं, आणि झिजलेलं इंजिनही रिपोर्टात ठणठणीत वाटतं.

ट्रॅक चेनचं माप दर 500 तासांनी घे, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. चेन ताणून घे, चार लिंकचं अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत टेपने मोज, आणि दरवेळी मास्टर पिन (चेनची टोकं जोडणारी) सोडून मोज. वाढ कंपनीच्या मर्यादेजवळ आली की नव्या चेनच्या खर्चाची तयारी आधीच करता येते. नाहीतर घासलेली चेन स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) खाते.

ऑपरेटरची तक्रार त्याच्याच शब्दांत लिही. ‘गरम झाल्यावर बूम (मशीनचा मुख्य हात) सावकाश उठतो’ हे वाक्य फिटरला ‘हायड्रॉलिक प्रॉब्लेम’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं. त्या तक्रारीखाली काय उघडलं, काय बदललं, पार्ट नंबर, आणि जुना भाग कसा निघाला, हे चारही लिही.

पहिल्या महिन्याची पानं भरली की फोटो पाठव, मी नीट वाचून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन